आधी रूपराव निजायचा

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, सत्तरच्या दशकात, माणूस अत्यवस्थ झाला की त्याला वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायच्या आधी एक प्रकार व्हायचा. बाहेरगावच्या माणसाला तो पाहून हसू यायचं, गावच्या माणसाला यायचं नाही. अँब्युलन्स दारात उभी राहायची, मागचं दार उघडायचं, आणि पेशंटला आत ठेवण्याआधी ड्रायव्हर स्वतः चढून स्ट्रेचरवर उताणा निजायचा. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर ओढून घ्यायचा. घरातलं कुणीतरी पाचपर्यंत मोजायचं आणि म्हणायचं, "ऊठ, रूपराव." मग तो उठायचा, चादर झटकायचा आणि म्हणायचा, "आना आता."

रूपराव मूळचा केळझरकडचा. घरची कोरडवाहू शेती, शाळा चौथीपर्यंत. हात मात्र असा की बिघडलेलं इंजिन नुसत्या स्पर्शानं सुरू व्हावं. आधी कापसाच्या एका जिनिंगचा ट्रक चालवला, मग एकोणसत्तर साली नगरपालिकेच्या फायर ब्रिगेडमध्ये बंबावर ड्रायव्हर म्हणून लागला. अंगानं उंच, कान मोठे, बोलणं थोडं. त्याची बायको देवकाबाई म्हणायची, "ह्यायच्या तोंडातून शब्द काढनं म्हंजे खोल विहिरीतून बादली काढनं."

अँब्युलन्स आली चौऱ्याहत्तर साली. गावातल्या एका जिनिंगवाल्या शेठजीनं आईच्या नावानं दान दिली. गाडी लालभडक, आणि दोन्ही अंगांना पिवळ्या अक्षरांत शेठजींच्या आईचं नाव, खाली जन्म-मृत्यूच्या तिथ्या. आता दवाखान्यात न्यायच्या गाडीवर मृत्यूची तिथी लिहावी का? पण दानाच्या गाईचे दात कोण मोजतो! उद्घाटनाचा नारळ फोडला, तो आतून नासका निघाला. पाणी काळं. भटजींनी घाईघाईनं दुसरा फोडला. लोकांनी मात्र पहिलाच लक्षात ठेवला.

गाडी ठेवायची कुठं, हा पहिला वाद. सरकारी दवाखान्यात ठेवावी तर तिथं ड्रायव्हर नाही, शेड नाही, पाच वाजल्यावर माणूस नाही. त्यांची आधीची जीप कडुनिंबाखाली उभी राहून राहून तिच्या बॉनेटमध्ये कोंबडीनं अंडी घातली होती. नगराध्यक्ष किसनराव, बोलण्यात मोठे हजरजबाबी. ते सभेत म्हणाले, "फायर ब्रिगेडमधी फोन हाये, शेड हाये, ड्रायव्हर हाये, तीन मानसं चोवीस तास बसून हायेत. आग असो का मानूस, धावाच लागते. मंग येकाच घरून धावू द्या." ठराव झाला. ठरावाच्या शेवटी एक ओळ होती, तिच्याकडे कुणी पाहिलं नाही: बेवारस आणि शवचिकित्सेची प्रेतं ने-आण करण्याचं कामही ह्याच गाडीनं करावं.

झालं असं की पहिल्या तिन्ही खेपांना गाडीत प्रेतंच आली. चौथ्या खेपेला गाडीला नाव पडलं होतं, मढ्याची गाडी.

ती चौथी खेप म्हणजे आनंदाबाई. सत्तरीची म्हातारी, दोन दिवसांच्या ओकाऱ्या-जुलाबांनी चिपाड झालेली. पोरं पाया पडत होती, पण तिनं ओट्याच्या खांबाला मिठी मारली ती सोडेना.

"मी मढ्याच्या गाडीत बसत नाई, बापा. मेल्यावर बसवजा. तवा मी काई म्हननार नाई."

रूपराव बाजूला उभा होता. त्याला काय सुचलं कोण जाणे. गाडीत चढला, उताणा निजला, चादर तोंडावर घेतली आणि आतूनच म्हणाला, "माय, हे पाह्य. आता ह्या गाडीत मीच मेलो. पाच मोज अन् उठव मले. मी उठलो तं गाडी कोरी झाली."

म्हातारीला हसू फुटलं. तिनं पाच मोजले. "ऊठ रे मुडद्या!" म्हणाली, आणि स्वतः चालत येऊन बसली. आठव्या दिवशी परत आली, पुढं नऊ वर्षं जगली आणि ज्याला-त्याला हेच सांगत फिरली. तेव्हापासून रूपराव निजल्याशिवाय त्या गाडीत कुणी पाय ठेवीना. शिकलेली माणसंही आधी "छे छे" म्हणायची आणि मग हळूच विचारायची, "पण... तेवढं करून घ्याल ना?"

फायरमन प्रेमदास थट्टा करायचा. "रूपरावभाऊ, तुमी तं महिन्यातून दहा डाव मरता. यमाच्या वहीत तुमच्या नावासमोर नुसती खाडाखोड असन!"

रूपराव हसायचा. शहात्तर सालापर्यंत हसायचा.

शहात्तरचा मे. आमच्याकडचा मे ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून कळत नाही. बारानंतर रस्त्यावर कुत्रंही नसतं. दारं बंद, खिडक्यांना ओली पोती, आणि गाव इतकं गप्प की आपल्याच वहाणेचा आवाज ऐकून मागं वळून पाहावं. उजेड इतका की सावल्यासुद्धा घरात गेलेल्या. अशा टळटळीत दुपारी एका किराणा दुकानाच्या मुनिमाला न्यायचं होतं. गाडीचा पत्रा तापून तवा झालेला. रूपराव पाठ भाजणार म्हणून दात आवळून निजला.

पाठ भाजली नाही. स्ट्रेचरची गादी थंड होती. नुसती सावलीतली थंड नव्हे, माठाच्या बुडाला हात लावावा तशी. चादरीखाली त्याच्या मानेपासून टाचेपर्यंत ती थंडी चढत गेली. "ऊठ, रूपराव" ऐकून तो उठला आणि घाईनं स्टिअरिंगवर जाऊन बसला. पवनारपाशी धाम नदीच्या पुलावर मुनीम गेला.

योगायोग, असं तोही म्हणाला. पण पुढच्या दोन वर्षांत गादी आणखी दोनदा तशीच थंड लागली आणि दोन्ही पेशंट वाटेतच गेले. आणि एकदा, जिच्यासाठी घरच्यांनी लाकडांचीही सोय पाहून ठेवली होती अशी एक बाळंतीण नेताना, गादी अशी तापलेली होती की पाठीला फोड आला. ती बाई वाचली, मूलही वाचलं. त्या रात्री त्यानं देवकाबाईला सगळं सांगितलं. देवकाबाईनं हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"कोनाजवळ बोलले काय?"

"नाई."

"बोलू नोका. अन् निजनं सोडा."

"सोडलं तं लोक बसत नाईत, वो."

"मंग तोंड सांभाळा," ती म्हणाली. "तुमच्या तोंडावर समदं दिसते. मले तं दिसते."

तिलाच नव्हे, सगळ्या गावाला दिसायला लागलं होतं. रूपराव चादरीतून उठायचा तेव्हा घरची माणसं पेशंटकडं पाहणं सोडून त्याच्या तोंडाकडं पाहायची. बायका पदर दातांत धरून उभ्या राहायच्या. तो आपला चेहरा दगडाचा करायला शिकला. पण दगडाचा चेहरा दिसला की लोकांना वाटायचं, हा लपवून राह्यला. एका घरी तर म्हाताऱ्यानं त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं आणि विचारलं, "खरं सांग, बापू. लाकडं आनायची का थांबू?"

बाजारात तो समोरून आला की काही बायका वाट बदलायच्या. आपल्या तोंडाकडं पाहून ह्याला काही कळू नये म्हणून.

*

आता एक्याऐंशी सालच्या मे महिन्यात काय घडलं ते.

गावापासून कोसभर अंतरावर एका शेतात विहिरीचं खोदकाम चालू होतं. श्रावण नावाचा पस्तिशीचा गडी सुरुंगाच्या कामावर होता. एक सुरुंग उशिरा उडाला आणि दगड त्याच्या पोटात बसला. रक्त बाहेर आलंच नाही. म्हणून त्यालाही वाटलं, मुका मार आहे. फोन आला, रूपराव गाडी घेऊन पोचला तेव्हा श्रावण बाभळीखाली बसून होता, तोंड पांढरंफटक, पण बोलत होता.

"आले का रूपरावभाऊ. निजा लवकर, पोट लय दुखून राह्यलं."

त्याची बायको जयवंता तिथंच मातीच्या टोपल्या वाहायची. तिनं पाच मोजले. रूपराव चादरीखाली होता, आणि गादी थंड होती. एवढी थंड आजवर कधीच लागली नव्हती. बाहेर आग बरसत होती आणि त्याचे दात वाजायला आले.

"उठा, रूपरावभाऊ."

तो उठला. जयवंता त्याच्या तोंडाकडं पाहत होती. मग ती श्रावणला धरून मागं चढली.

आणि इथं रूपरावच्या हातून ती गोष्ट घडली. त्यानं गाडी सावकाश चालवली. त्याच्या मनात पाप नव्हतं. जाणारा जाणारच आहे, त्याची हाडं काऊन खिळखिळी करावी, शांत जाऊ द्यावं, असा विचार. खड्ड्यापाशी तो थांबत गेला. रेल्वेचं फाटक बंद होतं. एरवी तो दुरूनच गाडीची घंटा वाजवायचा, आणि मालगाडी लांब असली तर फाटकवाला ओळखीनं आधी त्याला काढून द्यायचा. त्या दिवशी त्यानं घंटेला हात लावला नाही. मालगाडी येऊन, डबा डबा मोजत निघून जाईस्तोवर गाडी उन्हात उभी राहिली. मागून श्रावणच्या हाका ऐकू येत होत्या. "जयवंता... जयवंता वो..." मग त्याही थांबल्या.

दवाखान्यात पोचले तेव्हा धुगधुगी होती. टेबलावर घेता घेता तीही गेली. तरुण डॉक्टर बाहेर आला, हातमोजे काढत म्हणाला, "पोटात रक्त साचलं होतं. अर्धा तास आधी आणला असता तर पोट उघडून काहीतरी केलं असतं."

अर्धा तास! फाटकावरच पाऊण गेला होता.

शवचिकित्सा होऊन प्रेत गावी आणायला दुसरा दिवस उजाडला. ते पोचवून रूपराव शेडमध्ये आला, गाडी धुवायला घेतली, तर प्रेमदास म्हणाला, "भाऊ, गादीबी काढा. उन्हात टाका. परवाच्या आगीचे पाइप म्या तिच्यावरच वाळत घातलते, वास मारत असन."

रूपरावच्या हातातली बादली तशीच राहिली. "कायचे पाइप?"

"बंबाचे. कापसाच्या गंजीची आग नाई का, परवा सांजच्याले? पाइप वाळवाची दांडी मोडली तवापासून ओले पाइप आमी गाडीतच पसरतो. काथ्याची गादी सारं पानी पेते, दुसऱ्या दिवशी खसाच्या ताटीवानी थंडगार. मी तं दुपारी तिच्यावरच झोपतो, भाऊ. इतलं सुख घरी नाई."

बिचाऱ्या प्रेमदासला काय ठाऊक! पांढऱ्या चादरीखाली ओली गादी. निजणाऱ्याचा सदरा घामानं आधीच भिजलेला. ओल कुणाची हे कळायला मार्गच नव्हता.

रूपरावनं आगीची नोंदवही उघडली. चौथी शिकलेला माणूस, बोट ठेवून ठेवून तारखा वाचल्या. पाच वर्षांत गादी थंड लागली असे एकंदर सात दिवस त्याच्या ध्यानात होते. त्यांतल्या चार दिवसांच्या आदल्या सांजेला कुठं ना कुठं आग लागलेली होती. तीन दिवसांच्या आधी महिना-महिना काही नव्हतं. मुनीम त्या तिघांतला. वहीत त्या जागी नुसती कोरी पानं होती, आणि कोऱ्या पानांकडं पाहताना त्याच्या मानेवरून पुन्हा ती थंडी चढली. पण ते तीन काहीही असोत. श्रावणची थंडी पाण्याची होती. श्रावण वाचला असता.

तेव्हापासून रूपरावपुढं एकच गोष्ट उभी राहिली. जयवंताला सांगायचं की नाही. सांगितलं तर नोकरी जाईल, लोक दगड मारतील, हे होतंच. पण त्याहून मोठी भीती अशी, की ती बिचारी 'नशिबात होतं' म्हणून कसंबसं जगत असेल, तिचं तेवढंही आपण काढून घेऊ. महिनाभर त्याला जेवण गेलं नाही. पाठीवर निजणं त्यानं घरीही सोडलं. कुशीवर निजायचा, हात पोटाशी धरून.

*

जुलैत नगरपालिकेत जुना वाद पुन्हा निघाला. हरिभाऊ मास्तर नावाचे निवृत्त शिक्षक निवडून आले होते, नियमानं चालणारा माणूस. त्यांनी ठराव मांडला की अँब्युलन्स फायर ब्रिगेडकडून काढून सरकारी दवाखान्याकडे द्यावी. किसनराव विरोधात. सभेत ड्रायव्हरचं म्हणणं ऐकायचं ठरलं. किसनराव निर्धास्त होते. रूपराव आपलाच माणूस, गाडी इथंच ठेवा म्हणेल.

सभेच्या आदल्या सांजेला रूपराव जयवंताच्या दारी गेला. ती जिनिंगमधून येऊन चूल पेटवत होती. तो उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला आणि डोळे जमिनीवर ठेवून सगळं सांगितलं. गादी. फाटक. न वाजवलेली घंटा. प्रेमदासचे पाइप. डॉक्टरचा अर्धा तास.

जयवंता फुंकणी हातात धरून बसली होती. चूल पेटली, भडकली, विझायला आली. मग तिनं एक काटकी आत सारली.

"तुमी उठले तवा तुमचं तोंड पाह्यलं म्या."

"हो, बाई."

"मले समजलं, हा जाते. मरत्या मानसाच्या हाकेले ओ देऊ नये म्हनतात. ओ देल्ली का तो संगं नेते. घरी लेकरं दोन." ती थांबली. "तो रस्ताभर मले हाका मारून राह्यलता, भाऊ. जयवंता, जयवंता. हात चाचपून राह्यलता. मी कोपऱ्यात सरकून बसली. तोंडात पदर कोंबला. म्या ओ नाई देल्ली."

रूपरावनं वर पाहिलं. चुलीच्या उजेडात तिचा चेहरा त्याच्यासारखाच झाला होता, दगडाचा.

"त्याले वाटलं असन, गाडीत कोनीच नाई," ती म्हणाली. "येकटाच हाये मी."

तिनं शिव्या दिल्या नाहीत, रडलीही नाही. तो उठायला लागला तेव्हा एवढंच म्हणाली, "उद्या सभेत सांगा हे. माझंबी सांगा. पन आता कोनाच्या दारी निजू नोका."

दुसऱ्या दिवशी रूपराव सभेत उभा राहिला. घोटभर पाणी प्याला आणि सगळं सांगितलं. किसनरावांनी कपाळाला हात लावला.

हरिभाऊ मास्तर हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे मी म्हणतो तेच खरं. आगीचं काम आणि आजाऱ्याचं काम एका घरात नको. गाडी दवाखान्याला द्यावी."

"नाई, मास्तर," रूपराव म्हणाला. सगळे चमकले. "तिकडं देल्ली तं तिच्यातबी कोंबडी अंडे घालन. फोन आमच्याकडं वाजते, जागं आमी राह्यतो. गाडी बंबाकडंच ठेवा. पन दुसरा ड्रायव्हर द्या. आग अन् मानूस येकाच टायमाले आले तं मी कोनाकडं जाऊ? आजवर तसं झालं नाई हे नशीब. गाडीले वेगळी शेड द्या. मढ्याले वेगळी गाडी करा, हातगाडी करा, काईबी करा. पाइप वाळवाले दांडी बसवा. अन् गाडीचा रंग बदला, ते नाव पुसा."

"नाव पुसलं तर शेठजी रागावतील," कुणीतरी म्हणालं.

"त्यायच्या मायले दवाखान्याच्या दारापर्यंत किती डाव नेता, साहेब? सुटू द्या तिले आता."

"आणि तुमचं काय करायचं?" मास्तरांनी विचारलं.

"मले काढा. काढालेच पाह्यजे."

पण काढणार कसं? जिल्हाभर शोधून ह्या पगारात दुसरा ड्रायव्हर मिळेना. सभेनं रूपरावला लेखी ताकीद दिली आणि बाकीचं 'विचारार्थ' ठेवलं. दांडी तेवढी त्याच आठवड्यात बसली. ती प्रेमदासनं स्वतः बसवली, बाभळीचं लाकूड तासून, आणि पुन्हा कधी थट्टा केली नाही. मढ्यांची हातगाडी दिवाळीला आली, दुसरा ड्रायव्हर चौऱ्याऐंशी साली. रंग कधीच बदलला नाही.

*

निजणं बंद झालं तेव्हा लोकांचं बसणंही बंद झालं. दहा महिन्यांत गाडीत फक्त चौघं बसले. "आधी निजा," लोक म्हणायचे. "नाई निजत," रूपराव म्हणायचा. हुज्जत व्हायची, आणि पेशंट बैलगाडीतून जायचा.

ब्याऐंशीच्या एप्रिलात नत्थूजी नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला ऊन लागलं. भर दुपारी. डोळे फिरलेले, अंग विस्तवासारखं, तोंडात एकच नाव, अण्णाजी. अण्णाजी हा त्याचा थोरला भाऊ, चाळीस वर्षांपूर्वी वारलेला. दोन्ही मुलं दारात आडवी उभी.

"आधी निजा, रूपरावभाऊ. मंग नेऊ."

"नाई निजत."

"मंग नेत नाई!"

रूपरावनं पुढं काही ऐकून घेतलं नाही. मुलांना खांद्यानं बाजूला केलं, म्हाताऱ्याला लेकरासारखं उचललं आणि स्ट्रेचरवर ठेवलं. ठेवताना एक काळजी घेतली, हाताचा पंजा गादीला लागू दिला नाही. गादी तापलेली आहे की थंड, हे त्याला जाणायचं नव्हतं. मुलं शिव्या देत मागं चढली. पाणी शिंपडलेली ओली पोती म्हाताऱ्याच्या अंगावर टाकून गाडी निघाली, घंटा वाजवत.

"अण्णाजी! अण्णाजी वो!" मागून हाक आली.

मुलं गप्प. मेलेल्या माणसाला मारलेल्या हाकेला ओ कोण देणार? आरशात रूपरावला दिसलं, दोघंही कोपऱ्यात सरकून, गुडघे छातीशी घेऊन बसली होती. दिवसाढवळ्या, चाळिशीचे बाप्ये.

"अण्णाजी!"

"ओ," रूपराव म्हणाला.

मागं मुलांनी श्वास घेतल्याचा आवाज आला. रस्ता पांढरा, दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी शेतं, माणूस नाही की पाखरू नाही.

"अण्णाजी, कोठं हायेस रे?"

"हे काय, इथंच हाये. ओ."

फाटक उघडं मिळालं. धामच्या पुलावरून गाडी गेली. दर हाकेला तो ओ देत होता. घसा कोरडा पडला, ओ बारीक होत गेली, पण एकही हाक त्यानं रिकामी जाऊ दिली नाही.

नत्थूजी वाचला. पुढं बारा वर्षं जगला, आणि प्रत्येक उन्हाळ्यात म्हणायचा की ते ओलं पोतं लय वास मारत होतं. पण बरा होऊन घरी आल्यावर त्यानं पारावर बसून एक गोष्ट सांगितली, आणि ती चार दिवसांत गावात पसरली.

"रस्ताभर दोघं ओ देऊन राह्यलते," तो म्हणाला. "येक पुढून, रूपराव. मले तवाबी समजत होतं का रूपराव हाये, अण्णाजी नाई. अन् येक माझ्या उशाशी बसून. रूपरावच्या मांगून, हळूच."

"पोरंच असतील तुझी," लोक म्हणाले. पोरांनी देवळात जाऊन शपथ घेतली, आम्ही तोंड उघडलं नाही. त्यांची तोंडं पाहून कुणी पुन्हा विचारलं नाही.

ही गोष्ट जयवंताच्या कानावर गेली. रविवारी ती रूपरावकडं आली, डोक्यावर पदर, पायांत वहाणा नाहीत.

"मले त्या म्हाताऱ्याकडं न्या," म्हणाली.

रूपरावनं नको म्हटलं नाही. दोघं पायीच गेली, दुपारचीच. नत्थूजी छपरीत बाजेवर बसून तंबाखू चोळत होता. जयवंतानं कोण, कुठली हे काही सांगितलं नाही. बाजेसमोर जमिनीवर बसली.

"बाबाजी, तुमच्या उशाशी जो ओ देत होता, त्याचा आवाज कसा होता?"

म्हातारा दचकला. रूपरावकडं पाहिलं. रूपराव खांबाला टेकून उभा होता. त्याच्या पाठीला खांब थंड लागत होता की गरम, ह्याकडं त्याचं ध्यान नव्हतं.

"मानसाचा होता, बाई. लय म्हातारा नाई. पोटात दुखत असल्यावानी."

"करून दाखवा."

"आता कसा करून दाखवू?"

"जसा आयकला तसा."

नत्थूजीनं तंबाखू झटकली. डोळे मिटले. कौलांवर ऊन तडतडत होतं. मग त्याच्या दात पडलेल्या तोंडातून एक आवाज निघाला, खालच्या पट्टीतला, शेवटी जरा वर वळलेला.

"ओ..."

जयवंता हलली नाही. तिनं दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते.

"आखीन येक डाव," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा केला. रूपरावनं मान वळवून शेताकडं पाहिलं.

"जयवंता म्हना आता," ती म्हणाली. "फक्त येक डाव. जयवंता म्हना."

म्हाताऱ्याला हे कोण, काय, काही ठाऊक नव्हतं. पण त्यानं डोळे मिटलेलेच ठेवले आणि त्याच आवाजात हाक मारली, "जयवंता..."

"ओ," ती म्हणाली.